विरजणाचा चमचा आणि एमआरआयची तार

दुधात विरजण घातलं की दही लागतं, लिंबू पिळलं की दूध फाटतं. दोन्ही बाहेरूनच घातलेलं. आज धातूंचं असंच काही सांगते.

तारेतून वीज जाताना तार तापते, म्हणजे वीज वाया जाते. काही पदार्थ अतिशय थंड केले की ही गळती पूर्ण थांबते. याला अतिवाहकता म्हणतात. तेव्हा विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, जोड्या करून एका ठेक्यात चालतात. यवत-वरवंडवरून जाणारी दिंडी डोळ्यांपुढे आणा. वाटेत खडे असले तरी दिंडी मोडत नाही. साध्या अशुद्धीचं तसंच, थोडी असेल तर जोड्या टिकतात. लोखंडासारखे चुंबकी कण मात्र जोडीतल्या दोघांची फाटाफूट करतात, तेही अगदी थोडे असले तरी.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम नायट्राइडचे केसाहून कितीतरी पातळ थर बनवून तपासले गेले. चांगला थर उणे २५७ अंशांच्या आसपास अतिवाहक होतो. अणूंच्या जागा रिकाम्या राहिल्या, की त्याला आणखी थंड करावं लागतं. फारच राहिल्या, तर अतिवाहकता जातेच. गंमत म्हणजे तिथेही जोड्या शिल्लक दिसल्या. चुकला होता तो ठेका.

मोबाइलच्या चिपमधल्या सिलिकॉनचं, म्हणजे अर्धवाहकाचं, उलटं. एरवी तो अतिवाहक होत नाही. २००६ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्या पातळ थरात भरपूर बोरॉन घातलं, आणि तो झाला! हे विरजण.

एमआरआयच्या यंत्रातली तार नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रणाची असते. तिच्यात टायटॅनियमचे बारीक कण मुद्दाम राखतात. ते चुंबकत्वाला जागच्या जागी धरून ठेवतात, म्हणून ती खूप वीज पेलते. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये ती वीज फिरतच राहते. तपासणी चालू नसली, रात्र असली, तरी चुंबक चालूच. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, चुंबकाने ओढला गेला आणि जिवाला मुकला.

तेव्हा मंगळसूत्र, पिना, जोडवी बाहेरच काढा. जोडवी निघत नसतील तर साबण लावा, लाजू नका. पेसमेकर किंवा हाडात बसवलेली पट्टी असेल तर आधी सांगा. आणि कुणी ‘मशीन बंद आहे’ म्हणालं, तरी सिलिंडर आत नेऊ नका.