पोपटाची ढोली



पोपटाचा विषय निघाला की आपण पिंजऱ्यापासून बोलायला लागतो. मी आज झाडाच्या ढोलीपासून सुरुवात करणार आहे, कारण या पक्ष्याचं सगळं तिथेच अडतं. आपला नेहमीचा हिरवा पोपट, ज्याच्या नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असतो, तो स्वतः घर कोरत नाही. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेलं बीळ, फांदी मोडून कुजलेली जागा, जुन्या वाड्याच्या भिंतीतलं भोक, यांतलं जे मिळेल ते तो धरतो आणि चोचीने कड कुरतडून तोंड मोठं करतो.

जागा पसंत करते ती मादी. हिवाळ्यात एखाद्या जुन्या शिरीषाखाली थोडा वेळ थांबा. ती भोकात डोकं घालते, मागे येते, पुन्हा शेपटीपर्यंत आत शिरते. नर शेजारच्या फांदीवर अंग ताठ करून उभा असतो. एक पाय उचलून तो तिच्याकडे सरकतो आणि पोटातलं अन्न वर आणून तिच्या चोचीत भरवतो. तिच्या मनात नसेल तर ती त्याला चोच मारून हुसकते. या जोडीत वरचढ तीच. मग चारेक अंडी, तीन आठवड्यांहून थोडी अधिक उबवण, आणि त्यानंतर सुमारे सात आठवडे पिल्लं आतच. एवढा सगळा काळ मैना, पिंगळा आणि साप यांच्यापासून ती एक ढोली राखायची असते.

शेतकऱ्यांच्या तक्रारीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती खरी आहे. ज्वारीचे दाणे चिकात आले की थवा उतरतो. कणीस पायात धरून चार दाणे खातो आणि उरलेलं खाली टाकून दुसऱ्यावर जातो. पेरू अर्धा कोरतो, सूर्यफुलाची तबकं रिकामी करतो. त्याच्या खाण्यापेक्षा नासाडी जास्त. म्हणून माळा, गोफण, राखण, म्हणून कुसळाची बाजरी. शेताशी त्याचं हे भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. पण त्या भांडणाला इथे शिकारी पक्षी, साप, ढोलीचे इतर दावेदार असा सगळा शेजार आहे. तो शेजार नसलेल्या मुलखात हाच पक्षी गेला तेव्हा काय झालं, ते मला सांगायचं आहे.

इंग्लंडमध्ये 1969 पासून हे पोपट सलग वीण घालत आले आहेत. 2012 च्या सुमारास तिथल्या जोड्यांचा अंदाज 8,600 होता. ब्रसेल्समध्ये 1974 साली एका करमणूक उद्यानातून चाळीसेक पक्षी सोडले गेले. शहराला रंग यावा, एवढाच हेतू. आज तिथे हजारो आहेत. सबंध युरोपात 2015 पर्यंत किमान 85,000 पोपट मोजले गेले. लंडनमध्ये त्यांच्या आगमनाच्या दंतकथा आहेत, एक प्रसिद्ध गिटारवादक आणि एक चित्रपटाचा स्टुडिओ त्यात येतात. 2019 मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदींचा नकाशा मांडून त्या कथांना आधार नसल्याचं दाखवलं. पाळलेले पक्षी ठिकठिकाणी, वारंवार निसटले किंवा सोडले गेले, इतकंच.

एवढ्या थंडीत ते टिकले कसे? 2015 च्या जनुकीय अभ्यासाने उत्तराचा एक धागा दिला. युरोपातले बहुतेक पोपट आफ्रिकेतल्या नव्हे, आशियातल्या पक्ष्यांचे वंशज आहेत, आणि त्यातही पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचे. पंजाबातली कडाक्याची थंडी त्यांच्या पूर्वजांच्या ओळखीची. शिवाय हिवाळाभर घराघरांच्या बागेत दाण्यांची भांडी टांगलेली. म्हणजे ही वसाहत आपल्याच रानांतून पकडून विकलेल्या पाखरांची आहे, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. 1972 च्या कायद्याने इथला पोपट पाळणं आणि विकणं गुन्हा आहे, रानपक्ष्यांची निर्यात 1990-91 मध्ये बंद झाली, आणि तरीही रस्त्यावर पिंजरे दिसतात.

युरोपातही भांडण पुन्हा ढोलीचंच. युरोपातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच पोपट जागा धरतात. बेल्जियममध्ये संशोधकांनी पोपटांच्या ढोल्या मुद्दाम बुजवून पाहिल्या, तेव्हा पोपटांनी तिथल्या एका लहान, खोडावर चढणाऱ्या पक्ष्याच्या जागा घेतल्या आणि त्याची संख्या घटली. सेव्हिल शहराच्या मारिया लुइसा बागेतली गोष्ट त्याहून वाईट. तिथे झाडांच्या ढोल्यांत युरोपातलं सर्वांत मोठं वटवाघूळ राहतं, आणि ते दुर्मीळ आहे. पोपटांनी त्यांना चावून, जखमी करून बाहेर काढलं, काही मेली. चौदा वर्षांत पोपट वीसपट झाले आणि वटवाघळांच्या ताब्यातली झाडं 81 टक्क्यांनी कमी झाली. जर्मनीत हायडेलबर्गमध्ये त्यांनी इमारतींच्या थंडीरोधक आवरणालाच भोकं पाडली.

बेटांवर तर सहन करायला वावच नसतो. मॉरिशसमध्ये, जिथे आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्या बेटाचा स्वतःचा हिरवा पोपट 1980 च्या दशकात विसाच्याही खाली आला होता. जंगलतोड हे मुख्य कारण. पण ढोलीसाठी आपल्या पोपटाशीही त्याला झगडावं लागे. लाकडी पेट्या टांगून आणि पिल्लं जोपासून तो काही शेकड्यांवर आणला गेला. सेशेल्सच्या माहे बेटावर मात्र 2013 पासून मोहीम काढून आपले पोपट संपवावे लागले, जवळच्या प्रालँ बेटावरचा काळा पोपट वाचवण्यासाठी. बंदुकीने टिपलेला तो प्रत्येक पक्षी पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरांचा वंशज होता. मला त्या मोहिमेचा राग येत नाही; विक्रीचा येतो.

आता आपल्या गावाकडे येतो. परदेशात ढोल्या बळकावणारा हा पक्षी इथे ढोलीसाठी भटकतो आहे. रस्तारुंदीत जुना वड, शिरीष, आंबा जातो. पोकळ, सुकं खोड धोकादायक म्हणून आधी जातं. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याआधी सूचना लावून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी सात दिवस मिळतात. हरकत लिहिताना झाडाचं वय आणि घेर आपण लिहितो, ढोली सहसा लिहीत नाही. ती लिहा. कोणत्या फांदीला, किती उंचीवर, आत कोण जातं-येतं तेही लिहा, आणि पिल्लं उडेपर्यंत तोड थांबवण्याची मागणी करा.