बौशरहून पुण्याचं स्वयंपाकघर
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बौशरमध्ये आपण बहुतेक सगळे भाड्याच्या घरात. भिंतीला खिळा मारायचा तरी घरमालकाला विचारायचं. त्यामुळे सजावटीची सगळी हौस पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटवर, आणि तीही फोनवरून!

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आई राहायला जाणार होती. उंची जेमतेम पावणेपाच फूट, गुडघे दुखरे. म्हणून डेकोरेटरला लेखी दिलं होतं, ओटा ३० इंच आणि सिंकखालचं कपाट मरीन प्लायचंच, आयएस ७१०. (हा भारतीय मानक ब्यूरोचा क्रमांक, फळीवर छापलेला असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण कामाचा प्लाय.) त्याने होकारही लेखीच दिला.

कॉम्प्युटरवरची चित्रं काय सुंदर! खिडकीबाहेर गुलमोहरसुद्धा होता. आमच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीचे पाइप आहेत, ते असो.

आपली सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिकडची रविवार. त्यात घड्याळात दीड तासाचा फरक. निवांत बोलायला उरला शनिवार. तर शनिवारी याचं ठरलेलं उत्तर, "सर, साइटवर आहे, नंतर करतो." हप्त्याची आठवण मात्र कुठल्याही वारी यायची. फोटो मागितले की एक हँडल, एक कोपरा, एक दिवा. सबंध स्वयंपाकघर एकाही फोटोत नाही! ७१० च्या शिक्क्याचा फोटोही त्याने पाठवला. फळी खरी होती, फक्त ती आमच्या घरात लागली नाही.

एका पावसाळ्यानंतर गणपतीला गेलो. आई पाटावर उभी राहून फोडणी घालत होती. ओटा ३४ इंच! समोर तापलेलं तेल, खाली डुगडुगणारा पाट. मला म्हणते, "सवय होईल रे." सिंकखालचं कपाट फुगलेलं, लॅमिनेट सुटलेलं, आतून भुसा गळतोय. पार्टिकल बोर्ड! आणि बिलात एवढंच, "लाकूडकाम, एकरकमी".

त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, स्टँडर्ड हाइट आहे ही." अहो, आई कुठे स्टँडर्ड आहे!

शेवटचा हप्ता आम्ही हातात ठेवला होता, म्हणून कपाट बदलून मिळालं. ओट्याला तो हात लावेना. दुसरा गवंडी बोलावून, ग्रॅनाइट उतरवून, आमच्याच खर्चाने तो खाली घेतला. मंडळी, लॅमिनेट बसलं की आतलं लाकूड देवालाच ठाऊक. तेव्हा फोटो मागायचा तो फळी जागेवर ठोकल्यावर, लॅमिनेटच्या आधी, शिक्का आणि आपली भिंत दोन्ही दिसतील असा. मापाचा फोटो टेप लावून. हप्ता त्यानंतर, तारखेवर नाही.

ग्राहक आयोगाचंही सांगतो, कारण परदेशात राहून काय करणार असं आपण धरूनच चालतो. २०१९ च्या कायद्याखाली तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते, वकील सक्तीचा नाही. मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. मुदत २ वर्षं. आमच्याकडे त्याचा लेखी होकार आहे, गवंड्याचं बिल आहे, फुगलेल्या फळीचा तुकडाही आईने पिशवीत बांधून ठेवलाय.

ओटा आता ३० इंचांवर आहे. पाट देवघरात गेला. डेकोरेटरला नोटीस धाडली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.