पसरणीच्या उतारावर



'आयटीतली वाटचाल' यावर बोल, असं मला सांगितलंय. त्यात सांगण्यासारखं फार नाही, दिवसभर खुर्चीत बसते. त्यापेक्षा गाडीबद्दल बोलते.

माझी पहिली सफर बाबांच्या बजाज स्कूटरवरची. ती आधी एका बाजूला कलती करायची, मग किक. मी पुढे उभी, मागे आई, मधे दादा. रविवारी संध्याकाळी मेणवलीच्या घाटावर जायचं, कृष्णेत पाय बुडवायचे, भेळ खायची आणि परत. तसा आनंद मला पुढे एक्स्प्रेसवेवर ऑटोमॅटिक गाडीतही मिळाला नाही.

दुसरी सफर दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारची. शेजारच्या काकांची दुधाची एम-८०, न विचारता घेतलेली. मागे मैत्रीण. (नाव सांगत नाही, ती आत्ता डोळे वटारून बघतेय.) पाचगणीपर्यंत चढलो आणि पैज लागली, पसरणी घाट इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरायचा. आवाज थांबला. कानात नुसता वारा, खाली धोमचं पाणी. मजा आली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाहीये. एका वळणावर कठड्याच्या अलीकडे खडीत आडव्या झालो. माझ्या हनुवटीला पाच टाके. गाडी होती तिथे गुपचूप लावली आणि घरी सांगितलं, सायकलवरून पडले.

गेल्या वर्षी एका रात्री एक वाजून दहा मिनिटांनी फोनवर मेसेज आला: खेड शिवापूरला फास्टॅगचे पैसे कापले. गाडी पार्किंगमध्ये नव्हती, मुलगा खोलीत नव्हता. वय सोळा. अशा वेळी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, २०१९पासून तसा कायदाच आहे. मला एरवी ते पाठ असतं, तेव्हा आठवलंही नाही. डोळ्यांसमोर खंबाटकीचा बोगदा आणि त्यातून बाहेर पडल्यावरचं ते 'एस' वळण. फोन उचलत नव्हता.

चारला आला. तीन मित्र, सुरूर फाट्यावर चहा, परतताना बोगद्यात एकशे तीस. ओरडायला तोंड उघडलं आणि हात हनुवटीकडे गेला. मग पसरणीची सगळी गोष्ट त्याला सांगितली. किल्ली मात्र तेव्हापासून माझ्या कपाटात असते.

ऐकून तो म्हणाला, "आजोबांना माहितीये?"

आजोबाही याच शाळेचे. तिसऱ्या रांगेत बसलेत. बाबा, ती सायकल नव्हती. आणि काका, तुम्हीही शेजारीच आहात म्हणून सांगते, तुमच्या एम-८०चा दिवा माकडांनी फोडला नव्हता. भरपाई चहाच्या वेळी देते.