आरशाखालचा पत्रा

मोटारीच्या पत्र्यात आपले प्रतिबिंब पाहण्याची हौस वऱ्हाडास नवीन नाही. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणारी अँबॅसडर २०१४ साली कायमची बंद झाली, आणि कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तर तिच्याही कितीतरी आधी; तथापि या गाड्यांचे पोलादी बंपर, दिव्यांभोवतीच्या कड्या आणि दारांच्या मुठी जिवापाड जपणारी माणसे अमरावतीत आणि अकोल्यात अद्याप आहेत, आणि त्यांच्या जोडीला आता अशी एक तरुण पिढी उभी राहिली आहे, की जिला बुलेटची टाकी, जीपची चाके, प्रसंगी सबंध बॉनेटच आरशासारखे करून हवे असते. या हौसेस मी उथळ म्हणणार नाही. कष्टाचा पैसा घालून घेतलेली वस्तू देखणी दिसावी, ही इच्छा रास्तच आहे. माझी तक्रार एवढीच, की या आरशाचे श्रेय आपण ज्या धातूस देतो, त्या क्रोमियमचा, म्हणजे क्रोमचा, त्यात वाटा फार थोडा असतो.

क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ साली वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सैबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात शोधून काढले. पण विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा देण्याची भरवशाची रीत हाती येण्यास १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले, आणि तिचे बरेचसे श्रेय न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्याकडे जाते. तोवर मोटारींवर पितळ किंवा निकेल असे, आणि दोन्ही काळवंडत. क्रोम काळवंडत नाही, कारण हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर एक अत्यंत पातळ, पारदर्शक असे ऑक्साइडचे कवच धरते व तेथेच क्षरण थांबते. मात्र प्रतिबिंब दाखविण्यात त्याचा क्रमांक पहिला नव्हे. चांदी आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ९५ च्या आसपास परत फेकते. क्रोम जेमतेम ६५, आणि तेही किंचित निळसर छटेने. शिवाय शोभेच्या कामावरील क्रोमचा थर किती जाड असतो म्हणाल, तर एका मिलिमीटरचे दोन ते चार हजार भाग करावे आणि त्यातील एक भाग घ्यावा, एवढाच. असा थर कोणताही ओरखडा भरून काढीत नाही, कोणताही पोचा झाकीत नाही. खाली जे असेल ते तो जसेच्या तसे, किंबहुना अधिकच ठळकपणे जगापुढे मांडतो.

तेव्हा आरसा घडतो तो मुलाम्याच्या हौदात नव्हे, तर त्यापूर्वी, बफाच्या चाकावर. एखादा जुना बंपर कारागिराकडे आला, म्हणजे प्रथम त्याचा शिल्लक राहिलेला क्रोम आम्लात उतरवावा लागतो, मग पोचे ठोकून पत्रा सरळ करावा लागतो, आणि मग सुरू होते घासाई. आधी भरड दाण्याचे चाक, नंतर त्याहून बारीक, नंतर त्याहूनही बारीक. आणि प्रत्येक वेळी पत्रा आडवा फिरवून धरावयाचा, म्हणजे मागच्या दाण्याच्या रेघा नव्या रेघांना छेद देतात व कोणत्या पुसल्या गेल्या, कोणत्या उरल्या, हे डोळ्यास कळते. एक जरी पायरी घाईने ओलांडली, तरी भरड दाण्याची ती खोल रेघ शेवटच्या झिलईखालून वर येतेच. अखेरीस सुती कापडाच्या चाकावर झिलईची वडी लावून पत्रा घोटतात, तेव्हा राहिलेले ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही पुष्कळ लहान झालेले असतात. मग प्रकाश विखुरण्यास जागाच उरत नाही आणि तो सरळ परततो. यावर तांब्याचा थर, तो पुन्हा घोटावयाचा, त्यावर क्रोमच्या कित्येक पटींनी जाड असा निकेलचा थर, आणि सर्वांत शेवटी क्रोम, ज्याला हौदात अवघी काही मिनिटे पुरतात. दिवसभराची मेहनत कोणाची आणि नाव कोणाचे, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होती. दारी कल्हईवाला येई, तेव्हा तो भांडे एकदम भट्टीवर चढवीत नसे. पातेल्यात वाळू घालून, त्यात स्वतः उभा राहून, कमरेस हेलकावे देत पायांनी ते आतून घाशी. मग भाता, मग नवसागराची फक्की, मग कथलाची कांडी, आणि कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळे पातेले पांढरेशुभ्र. कथील २३२ अंशांवरच वितळते, त्यामुळे ती फिरकी झटपट होई आणि मुलांना वाटे की जादू तीच. परंतु तेलकट किंवा मळकट राहिलेल्या जागी कल्हई धरत नाही, हे कल्हईवाला जाणून होता, म्हणून त्याचा घाम गळे तो वाळूत.

अलीकडे विजेच्या हौदावाचून, फवाऱ्याने आरसा चढविण्याची एक रीत आली आहे, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण वऱ्हाडची हवा व पाणी तिची खरी परीक्षा घेतात. प्रथम पत्र्यावर काळाभोर, अत्यंत तुळतुळीत रंग देतात. तो सुकल्यावर पृष्ठभाग कथलाच्या क्षाराने धुऊन सिद्ध करतात, आणि मग दोन तोंडांच्या पिचकारीतून दोन द्रव एकाच वेळी सोडतात : एकात अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, दुसऱ्यात त्यातील चांदी मोकळी करणारे द्रव्य. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली काचपात्रात पाहिलेली हीच ती क्रिया. पाहता पाहता काळा पत्रा आधी तपकिरी, मग सोनेरी आणि काही क्षणांत रुपेरी होतो. ही चांदी उघडी ठेवल्यास गंधकाच्या अंशाने काळी पडते, सबब तिच्यावर पारदर्शक लॅकरचे कवच द्यावेच लागते.

आता पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी आठवा. सिल्व्हर नायट्रेटमध्ये क्लोराइडयुक्त पाण्याचा थेंब पडला, की तत्काळ पांढरा साका धरतो. मग पत्र्यावर आरशाऐवजी दुधाळ डाग उमटतात. अकोल्यास काटेपूर्णेचे आणि अमरावतीस ऊर्ध्व वर्ध्याचे गोडे पाणी नळाने मिळते खरे, पण या कामास तेही चालत नाही. ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त केलेलेच पाणी हवे, आणि अखेरच्या धुण्यापर्यंत हवे. उन्हाची तऱ्हा निराळी. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा पिचकारीतून सुटलेल्या रंगातील थिनर पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच उडू लागतो, रंगास पसरण्याची उसंत मिळत नाही, आणि पृष्ठभागास वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा येतो. साध्या रंगात तो खपून जाईल. आरशाखाली खपत नाही. म्हणून जाणता रंगारी सावकाश उडणारा थिनर वापरतो आणि जमल्यास भल्या पहाटेच काम उरकतो.

सबंध मोटारच आरशाची करावी काय, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर नकारार्थी आहे. वऱ्हाडच्या दुपारी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप मारणारे वाहन हे सौंदर्य नव्हे, उपद्रव होय. कायद्याचेही भान ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नोंदीत फरक पडेल अशा फेरफारांस मनाई करते, आणि गाडीचा रंग बदलावयाचा झाल्यास नोंदणीच्या दाखल्यावर तो चढवून घ्यावा लागतो; एम.एच. २७ असो वा एम.एच. ३०, परिवहन दप्तराची इजाजत आधी, झिलई मागाहून.

याहून गंभीर बाब कारागिराच्या जिवाची आहे. क्रोमच्या हौदात सोडलेल्या विजेपैकी फार थोडा अंश धातू बसविण्याच्या कामी येतो. उरलेल्या विजेने हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा क्रोमिक आम्लाचा, म्हणजे षट्‍संयुजी क्रोमियमचा, तुषार हवेत उडवितो. हे षट्‍संयुजी क्रोमियम कर्करोगास कारण होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. वर्षानुवर्षे त्या तुषारात काम करणाऱ्यांच्या नाकातील पडद्यास भोक पडल्याची उदाहरणे वैद्यकाच्या ग्रंथांत पूर्वीपासून नमूद आहेत. हौदाच्या काठास हवा ओढून घेणारा पंखा, मुखवटा आणि हातमोजे यांची तजवीज ज्या ठिकाणी नाही, तेथील स्वस्त मुलाम्याची किंमत दुसराच कोणी भरीत असतो. सांडपाण्याचेही तेच : आम्लयुक्त पाण्यात सोडियम बायसल्फाइट घालून षट्‍संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी करावे, मग चुन्याने त्याचा साका बसवावा, आणि तो साका धोकादायक कचरा म्हणून रीतसर सोपवावा. मोर्णा असो की अंबा नाला, ते पिवळे पाणी त्यांत जाता कामा नये. बंपर सोपविण्यापूर्वी गिऱ्हाइकाने या दोन्ही गोष्टींची चौकशी निःसंकोचपणे करावी. तो त्याचा हक्क आहे.

आणखी एक मुभा मागून घ्यावी. बंपर तांब्या-निकेलच्या हौदात जाण्यापूर्वी, नुसता घोटलेला असताना, तो एकदा पाहावयास जावे. दुकानातील नळीदिव्याखाली तो धरून हळूहळू फिरवावा. दिव्याची रेघ पत्र्यावरून सरकताना सरळ राहिली, तर पुढचे काम निर्धास्तपणे होऊ द्यावे. ती कोठे वाकली, थरथरली किंवा तुटली, तर त्या जागी खडूने खूण करून बंपर पुन्हा चाकावर चढविण्यास सांगावे आणि त्या जादा घासाईची मजुरी घासाघीस न करता द्यावी.