प्रकाशाच्या टेपने घराची मोजणी



मालेगाव तालुक्यात, आमच्या किन्हीराजाकडे, एखाद्या जुन्या धाब्याच्या घरात जाऊन पाहा. मातीची दीड-दोन हात रुंद भिंत, सागाच्या तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की आणखी माती; तसतसं वजन वाढत गेलेलं. आता मुलगा म्हणतो, "बाबा, भिंती राहू द्या, वर स्लॅब टाकू." थोडं थांबा! त्या भिंती ओळंब्यात आहेत का, हे आधी मोजा.

यासाठी लेसर स्कॅनर नावाचं यंत्र निघालं आहे. तिपाईवर ठेवलं की ते फिरत फिरत किरण सोडतं आणि तो भिंतीवरून परतायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढतं. ३ मीटरवरच्या भिंतीला शिवून किरण सेकंदाच्या ५ कोटीव्या भागात परत येतो! असे लाखो ठिपके जमले की घराचं हुबेहूब चित्र तयार होतं. भिंत कुठे फुगली, कुठे कलली, सारं दिसतं. मात्र आरशापुढे हे यंत्र फसतं, आणि भिंतीच्या पोटातली वाळवी त्याला दिसत नाही. शिवाय ते महाग. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली खरी, पण त्यात मिळते ती बाहेरची हद्द.

मग आपण काय करावं? एकेका ठिपक्याचं अंतर सांगणारी लेसरची लहान डबी मिळते, तीही पुरते. (पोरांना तिच्या किरणात बघू देऊ नका.) खोलीच्या चार बाजू मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजा. १२ फूट बाय १६ फुटांच्या खोलीचा कर्ण बरोबर २० फूट यावा. दोन कर्णांत फरक निघाला, तर खोली गुण्यात नाही. गुरुजींनी हा हिशेब वर्गातच मुलांकडून करून घ्यावा. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासेजवळ सुरू केलेली देशाची मोजणी त्रिकोणांवरच चालली. ते काम करता करताच ते १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले.

तुळईचं मोजमाप जमिनीपासून घेऊ नये, कारण जमीनच खालीवर असते. पाण्याच्या नळीने भिंतीभिंतीवर एक समपातळी खूण करा, खुणांमध्ये दोरी ताणा आणि तिथून तुळईची दोन्ही टोकं आणि मध्य मोजा. मध्य दोन बोटं खाली आला असेल, तर तो कागद घेऊन आधी इंजिनिअरकडे जा; सिमेंटच्या दुकानात नंतर.