लग्न, नादारी आणि आहेराची यादी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी दिवाळ्याविषयी बोलणार म्हटल्यावर आपल्या चिटणीसबाईंचा चेहरा उतरला. वर्धापनदिनी असले अभद्र कशाला, असे त्या तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण मला ते ऐकू आले. तरीही बोलते, कारण आमच्या घरी हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतच येऊन बसला होता.

माझ्या पुतणीचे लग्न २०२२ साली ठरले. मुलाचा पुण्यात छापखाना होता, मुख्यतः लग्नपत्रिकांचा. २०२० च्या टाळेबंदीत लग्नेच राहिली, तिथे पत्रिका कोण छापणार? यंत्राचे कर्ज आणि कागदवाल्यांची उधारी डोक्यावर आली. शेवटी त्याने स्वतःच कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाने त्याला नादार ठरवले. हे त्याने पुतणीला पहिल्याच भेटीत सांगितले, हा त्याचा मोठेपणा. परंतु आमच्या दादांना त्या रात्री जेवण गेले नाही. "मुलगी द्यायची आणि तिच्याबरोबर तिचे दागिनेही सावकारांना द्यायचे काय?" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत.

मी अठ्ठावीस वर्षे एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखन केले. कायदा शिकले नाही, पण टाईप पुष्कळ केला. दुसऱ्या दिवशी जुन्या वकीलसाहेबांकडे गेले आणि दादांचे सगळे प्रश्न त्यांच्यापुढे ओतले.

मुंबई शहराला १९०९ सालचा नादारीचा कायदा आहे आणि पुण्यासारख्या ठिकाणी १९२० सालचा. २०१६ साली नवा कायदा झाला, पण साध्या माणसाच्या नादारीपुरता तो अजून लागू केलेला नाही. जुन्या कायद्याप्रमाणे नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मधेच लग्न झाले म्हणून हे काम थांबत नाही. तसेच नवऱ्याचे जुने कर्ज बायकोचे होत नाही, मात्र तिने कुठे जामीन म्हणून सही केलेली नसावी. बायांनो, नवरा कागद पुढे करून "इथे फक्त सही कर" म्हणाला, तर आधी चष्मा लावा.

आता खरी अडचण. मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत नादाराला जे नवे मिळेल, तेही रिसीव्हरकडेच जाते. म्हणजे सासऱ्याने जावयाच्या बोटात घातलेली अंगठी त्या बोटाची नव्हे, धनकोंची! नवरीला मिळालेले मात्र स्त्रीधन. ती सासरी राहायला गेली म्हणून ते नवऱ्याचे किंवा दोघांचे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. कोणते दागिने कुणाचे, हे उद्या दाखवता मात्र आले पाहिजे. त्याच साली हुंडाबंदी कायद्याखाली नियम झाले. नवरी आणि नवरा यांनी आपापल्या आहेरांची यादी ठेवावयाची. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहावयाचे आणि दोघांनी सही करावयाची. आपल्यापैकी किती जणींच्या लग्नात अशी यादी झाली? माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा झाली नाही.

मंगळसूत्राची दादांना फार धास्ती होती. दिवाणी संहितेच्या ६० व्या कलमात म्हटले आहे की, धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. स्वयंपाकाची भांडी, आवश्यक कपडे आणि अंथरूणपांघरूणही नाही. १९२० च्या कायद्यातही हीच सूट आहे. पाच तोळ्यांचे गंठण घालून त्यालाच मंगळसूत्र म्हणणाऱ्यांचे काय, असे मी विचारले. वकीलसाहेब नुसते हसले.

आणखी एक गंमत ऐका. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेतले, तर तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मांडववाल्याला सांगणे भाग, आणि जिच्याशी जन्माची गाठ बांधायची तिला सांगण्याची सक्ती त्या कायद्यात कुठेच नाही! मला हे अजून पटलेले नाही. आमच्या मुलाने दोघांनाही सांगितले. पुतणीने होकार दिला, आणि मांडववाल्याने सगळे पैसे आगाऊ रोख मागितले.

ते दादांनी दिले. अंगठीचा बेत त्यांनी सोडला. "मुलाला आहेर आणू नये" असे पत्रिकेत घातले, आणि ती पत्रिका दुसऱ्याच छापखान्यात छापली. ती हातात घेऊन मुलगा बराच वेळ कागदावर अंगठा फिरवीत बसला होता.

लग्नानंतर चार महिन्यांनी एका धनकोने तक्रार केली की, बायकोच्या अंगावरचे सोने नवऱ्याच्याच पैशाचे आहे. पुतणीला खुलासा द्यावा लागला. तिने दोघांच्या सहीची यादी आणि दादांच्या नावच्या सोनाराच्या पावत्या पुढे ठेवल्या. पाटल्या, तोडे, कानातले, सारे जुळले. एक चांदीचे तबक "दोघांना मिळून" असे लिहिलेले निघाले. त्यातील नवऱ्याच्या हिश्श्याची रक्कम तिने भरली आणि तबक ठेवून घेतले. तिच्या आजोळचे होते ते.

मुक्ततेचा हुकूम अजून व्हावयाचा आहे. तो आता दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करतो. त्या यादीची एक प्रत मी पिशवीत आणली आहे. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी चहाच्या वेळी पाहून घ्यावी, पण परत द्यावी.