पत्ता दिला, जागा किती?



सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मला दरवर्षी हमखास एक प्रश्न येतो. "सर, स्कॅनएफमध्ये ते & कशाला? प्रिंटएफला तर लागत नाही!" प्रश्न उत्तम आहे. पण बहुतेक वर्गांत "तसंच लिहायचं असतं" असं उत्तर मिळतं, आणि पॉइंटरची भीती मनात बसते ती तिथूनच.

प्रिंटएफला तुमचं वय फक्त दाखवायचं असतं, त्याला आकडा पुरतो. स्कॅनएफला ते वय तुमच्या चलात आणून ठेवायचं असतं. सी मात्र फंक्शनला मूळ चल देत नाही, त्यातल्या किमतीची प्रत देते, आणि प्रतीवर लिहिलेलं मुळात उतरत नाही. म्हणून & लावून चलाचा पत्ता द्यायचा. विसरलात, तर चलात जो काही आकडा पडलेला असेल तोच पत्ता समजला जातो आणि वय भलत्याच ठिकाणी लिहायला निघतं. असा पत्ता ज्या चलात साठवतात, तो पॉइंटर.

इथपर्यंत सोपं आहे. मला बोलायचंय ते पुढचं.

लग्नाची पंगत आठवा. पाट ओळीनं मांडलेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, पण मध्ये भिंत नाही. संगणकाची मेमरी तशी असते. तुमच्या दहा माणसांसाठी 41 ते 50 हे पाट राखले आणि बसवणाऱ्याला सांगितलं, "आमची माणसं 41 पासून बसवा." आली पंधरा, तर तो पंधराही बसवेल. 51 पासूनची पानं दुसऱ्याची होती, हे त्याला कसं कळावं? पॉइंटर सुरुवात सांगतो, शेवट सांगत नाही. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1970च्या दशकाच्या आरंभी सी घडवली, तेव्हा यंत्रांची मेमरी तुटपुंजी होती. दर वेळी हद्द तपासण्याचा खर्च भाषेनं उचलला नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर आली.

आणि सीच्या लायब्ररीत गेट्स नावाचं एक फंक्शन होतं. ते एक ओळ वाचायचं आणि तुम्ही दिलेल्या पत्त्यापासून लिहीत सुटायचं. जागा किती, हे त्याला सांगायची सोयच नव्हती.

2 नोव्हेंबर 1988. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिसनं इंटरनेटवर एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक होती फिंगर ही सेवा. ती आलेली ओळ गेट्सनं 512 बाइटांच्या जागेत घ्यायची. वर्मनं 536 बाइट पाठवले. जादा 24 बाइट शेजारी सांडले, आणि शेजारी होता परतीचा पत्ता, म्हणजे फंक्शन संपल्यावर यंत्रानं कुठे जायचं याची नोंद. तो पत्ता बदलला आणि व्हॅक्स जातीची यंत्रं पाहुण्याच्या सूचना पाळू लागली. सन कंपनीच्या यंत्रांवर मात्र या वाटेनं त्याला शिरता आलं नाही.

मला सगळ्यात जास्त सलतं ते यानंतरचं. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, सीचं पहिलं अमेरिकी प्रमाणक आलं आणि त्यात गेट्स होतं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत ही काळजी मला समजते, तरी हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. ते प्रमाणकातून गेलं 2011 मध्ये. मधल्या काळात किती मुलांनी पाठ्यपुस्तकात बघून ते गिरवलं असेल!

आता एफगेट्स वापरतात. त्याला पत्त्याबरोबर जागाही सांगावी लागते. पण आपण मराठी लिहिणाऱ्यांनी इथे आणखी सावध राहायला हवं. "महाराष्ट्र" या शब्दात अक्षरं किती? चार, म्हणाल तुम्ही. युनिकोडच्या हिशेबात काना आणि हलन्त धरून चिन्हं दहा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे तीस. ओळीअखेरचं नव्या ओळीचं चिन्हही एफगेट्स साठवतं, त्याचा एक. शेवटची खूण म्हणून शून्याचा एक. एकूण 32. "चार अक्षरं, वीस बाइट रग्गड" असं समजून कुणी राज्याच्या नावासाठी वीसची जागा राखली, तर एफगेट्स एक बाइट शून्यासाठी ठेवून एकोणीस वाचेल. हाती येईल "महाराष" आणि पुढच्या हलन्ताचा एक तुटका तुकडा, जो पडद्यावर प्रश्नचिन्ह होऊन उमटतो.

उरलेलं कुठे जातं? कुठेच नाही. ते इनपुटमध्येच थांबून राहतं. प्रोग्रॅमची पुढची ओळ "जिल्हा?" असं विचारते आणि, कळफलकाला कुणी बोट लावण्याआधीच, एफगेट्स तिला ते उरलेले बाइट उत्तर म्हणून देतं. माझे विद्यार्थी तेव्हा जिल्ह्याच्या ओळीत चूक शोधत बसतात. मी त्यांना राज्याच्या ओळीकडे परत नेतो आणि विचारतो, वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह आलं होतं का? ते आलेलं नसतं. म्हणजे ओळ अजून संपलेलीच नव्हती.